टेपखालचं झाड

टेलरबाईंचे धाकटे दीर रविवारी सकाळी सकाळीच करवत घेऊन हजर झाले. अंगणाच्या कोपऱ्यात त्यांना नवी मोटार लावायची होती आणि तिथं बाईंचं जपानी मेपलचं झाड ठाण मांडून बसलं होतं. कुंपणाला पालवी फुटून महिना झाला, पण मेपलची एकही कळी फुगेना. दिरांना आयतंच कोलीत मिळालं.

"वहिनी, मेलंय ते. नखानं खरवडून बघितलं मी. दादा असता तर त्यानंच काढलं असतं."

दादाचं नाव ऐकलं आणि टेलरबाईंचं डोकंच फिरलं. नवऱ्यानं हे झाड बियापासून वाढवलं होतं. रुजायला थंडी लागते म्हणून बी तीन महिने ओल्या वाळूत, लोण्याच्या डब्यात, फ्रिजमध्ये! एकदा लोणी समजून तिनं तो डबा उघडला आणि दिवसभर नवऱ्याचा उद्धार केला. आता झाडही गेलं तर तो माणूस दुसऱ्यांदा जाणार होता, आणि तेवढं सोसायची तिची तयारी नव्हती.

"थांबा जरा."

चष्मा चढवून ती शेंड्यापासून खाली वीतवीत अंतरावर नख मारत आली. सालीखाली तपकिरी, वाळलेलं. पुन्हा तपकिरी. कमरेच्या उंचीवर बोट अडखळलं. सालीत एक पिवळी पट्टी रुतली होती. तिचीच मापाची टेप! दोन वर्षांपूर्वी वाऱ्यानं झाड कललं, तेव्हा सुतळी शोधायचा आळस करून तिनं गळ्यातली टेप काढली आणि खोड काठीला करकचून बांधलं. चांगली टेप ताणली जात नाही, हे ती शिकायला येणाऱ्या मुलींना रोज बजावायची. खोड जाड होत गेलं, टेप तसूभर सैल झाली नाही.

तिनं टेपच्या खालच्या अंगाला नख मारलं. ओलं, हिरवंगार.

"भाऊजी, द्या ती करवत."

"अहो, मी कापतो की. तुम्ही कशाला?"

"गळा मी आवळलाय. कापणारही मीच."

दिरांचा चेहरा खुलला. टेपच्या दोन बोटं खाली पातं टेकवून तिनं कापायला घेतलं. दंड भरून आले तरी थांबली नाही. वरचं मेलेलं झाड टेपसकट खाली पडलं.

"आता मुळं खणू?" दिरांनी बाह्या सरसावल्या.

"हात लावून तर बघा!" करवत अजून तिच्याच हातात होती. दीर दोन पावलं मागे सरकले. मग त्यांना कापलेल्या खोडाच्या कडेचं हिरवं कडं दिसलं.

"मग माझी मोटार?"

"तिला चाकं आहेत, भाऊजी. याला नाहीत."

गळ्यातली नवी टेप काढून तिनं जमिनीपासून खोड मापलं. तेहेतीस इंच. शिवणकामाच्या खडूनं झाडामागच्या भिंतीवर रेघ मारून तिनं आकडा लिहिला.

"खालून नवा फुटवा येईल. दर रविवारी माप घेणार आहे. बघायला या. करवत मात्र माझ्याकडेच राहील."