सरावाचा पेशंट

तनयाने पुन्हा पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. काचेपलीकडे बसलेल्या वर्गाला आपण दिसतोय आणि आपल्याला मात्र कोणी दिसत नाही, हे तिला अजिबात सहन होत नव्हतं. गुण देणाऱ्या भाग्यश्री मॅडमही तिथेच होत्या. "रडवू नकोस हं आजोबांना," आत सोडताना वर्गातल्या सार्थकने टोमणा मारला होता.

काम कागदावर सोपं होतं. हृदय बंद पडलं तर छाती दाबून, घशात नळी घालून परत आणायचा प्रयत्न करायचा की नाही, हे पेशंटलाच विचारायचं. नातेवाइकांना व्हरांड्यात गाठून नव्हे. मागच्या आठवड्यात वॉर्डात एका वृद्ध गृहस्थांची छाती तनयाने स्वतः दाबली होती. बरगडी मोडलेली तिच्या तळहाताला कळली होती. ते वाचले नाहीत. त्यांना हे हवं होतं का, ते कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून तिला एका जागी बसवत नव्हतं.

समोर श्यामसुंदर दामले बसले होते. बुधवार पेठेत रेडिओचे सुटे भाग विकण्यात त्यांची हयात गेली होती. दुकान बंद केल्यापासून ते मेडिकल कॉलेजात सरावाचा पेशंट म्हणून, आजाऱ्याची भूमिका करायला यायचे. आज ते धायरीचे हिंमतराव होते, फुप्फुसं निकामी होत चाललेले. विद्यार्थ्यांनी काहीही विचारलं की "मला काय कळतंय, पोराला विचारा" म्हणून अडवायचं, हे त्यांचं ठरलेलं काम. त्या एका वाक्याने भलेभले गार व्हायचे.

"नमस्कार, हिंमतराव. मी तनया. तुमच्या तब्येतीबद्दल थोडं बोलायचं होतं. बोलू का?"

"मग काय पंखा बघायला बसवलंय मला?"

काचेमागे कोणीतरी हसलं असणार. तनयाने पेन खाली ठेवलं. "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे?"

"हृदयाचं पंपिंग वीस टक्क्यांवर आलंय."

ती थबकली. केसपेपरवर फुप्फुसं होती, हृदयाचा उल्लेखही नव्हता. चुकले असतील. तिने पुढचं विचारलं, "समजा तब्येत अचानक बिघडली, हृदय थांबलं, तर डॉक्टरांनी काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

आता पोराचं वाक्य येणार म्हणून ती तयारच होती.

"छाती दाबायची नाही," श्यामसुंदर म्हणाले. "नळी नको, मशीन नको. दुखू देऊ नका, एवढं बास."

तनयाची नजर खाली त्यांच्या पायांकडे गेली. मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ, आणि त्याच्यावर तटतटलेली पोटरी. सूज काही अभिनयाने आणता येत नाही.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "हे हिंमतराव बोलतायत की तुम्ही?"

"तुला मार्क हवेत ना? ते घे आणि जा."

"काका, सांगा ना."

त्यांनी काचेकडे पाहिलं, मग तिकडे पाठ करून बसले. "संध्याकाळी विषय काढला की हेमा म्हणते, तिन्हीसांजेचं काहीतरीच काय बोलता. सकाळी काढला तर म्हणते, सकाळी सकाळी अभद्र नको. सणाला नको, वाढदिवसाला नको. चार महिने झाले, मला मुहूर्तच सापडत नाहीये. इथे निदान ऐकून तरी घेतात. मार्कांसाठी का होईना."

"काकू कुठे आहेत?"

"बाहेर बाकावर. मला एकटं सोडत नाही. तिला वाटतं, मी इथे नाटक करतो."

"बोलावू त्यांना?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

खोलीबाहेर पाऊल टाकलं की परीक्षा तिथेच संपली, हा नियम तनयाला पाठ होता. तिने दार उघडलं.

हेमाकाकू पर्स सावरत आत आल्या आणि नातेवाइकाची भूमिका करायला बोलावलंय असं समजून लगेच सुरूही झाल्या. "डॉक्टर, काहीही करा, पण ह्यांना वाचवा. कशात कमी पडू देऊ नका!" मग काचेकडे वळून, "बरं जमलं का?"

"काकू, हा सराव नाही," तनया म्हणाली. "काकांना खरंच तुम्हाला काही सांगायचंय."

"हेमा, मला छाती दाबून घ्यायची नाही," श्यामसुंदर म्हणाले.

"चला घरी. काहीतरीच—"

"घरी तू ऐकत नाहीस."

काकूंनी दाराची कडी धरली. तनयाच्या तोंडाशी एकामागून एक वाक्यं येत होती, वर्गात शिकवलेली, सांत्वनाची. तिने एकही उच्चारलं नाही.

काकू वळल्या. चेहरा लाल झाला होता. "आणि घरातच काही झालं तर? हे पडले तर मी काय, नुसती बघत उभी राहू?"

वेळ संपल्याची घंटा वाजली. भाग्यश्री मॅडम दारात आल्या आणि काही बोलणार इतक्यात काकूंनी हात वर केला.

"थांबा हो जरा. मी हिला विचारलंय."

"नुसतं बघायचं नाही, काकू," तनया म्हणाली. "त्या वेळी करण्यासारखं बरंच असतं. काही मला माहीत आहे, काही मॅडमना विचारावं लागेल. बसा ना."

हेमाकाकू नवऱ्याशेजारी बसल्या. "हळू सांग," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना मध्ये बोलू देऊ नकोस."