कोपऱ्यातली नळी

डोरोथियाने एगीदच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि त्याने रेघ जिथं थांबवली होती तिथून ती पुढे ओढत नेली, थेट कोपऱ्यापर्यंत. तिथं वळवली आणि दुसऱ्या भिंतीवर उतरवली.

“नळी अशी जाईल,” ती म्हणाली.

गावातला गवंडी एगीद जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. बाहेरच्या दोन्ही भिंतींना आतून लाकडाच्या भुशाच्या जाड पाट्या लावून झाल्या होत्या. आता त्यांच्यावर कोमट पाण्याच्या नळ्या नागमोडी बसवायच्या आणि वरून मातीचा गिलावा द्यायचा. घराच्या दर्शनी अंगाला हात लावायची सोय नव्हती. लाकडी चौकटींची ती जुनी घरं गावाची शोभा होती, आणि शोभेला गोधडी पांघरता येत नाही, असं गावकचेरीतल्या माणसाने हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा घर ऊबदार करायचं तर आतून, भिंतींनाच ऊब द्यायची.

एगीदने छताकडे बोट दाखवलं. वरच्या मजल्यावर क्रेसेंझ राहत होती, डोरोथियाच्या नवऱ्याची थोरली बहीण. वडिलांनी वरच्या दोन खोल्या मरेपर्यंत तिच्या म्हणून लिहून ठेवल्या होत्या. सकाळीच ती काठी टेकत खाली आली होती आणि कोपरा मोकळा सोडायचा, असं त्याला बजावून गेली होती. कोपऱ्यात क्रूस असतो. गावातल्या प्रत्येक घरात तो तिथंच असतो, जेवणाच्या बाकाच्या वर, दोन भिंती मिळतात तिथं. क्रुसाला खिळा लागतो. आणि नळ्यांच्या भिंतीत खिळा मारला की काय होतं, ते एगीदनेच तिला सांगितलं होतं: खालच्या आळीत कुणी हौसेने लग्नाचा फोटो टांगायला गेलं आणि नवराबायको दोघंही न्हाऊन निघाले.

“मला तुमच्या दोघींच्या मध्ये घालू नका, काकू,” तो म्हणाला. “मी दोघींच्या हातचं जेवतो.”

“माझ्या हातचं जास्त,” डोरोथिया म्हणाली. “कोपऱ्यात नळ्या जवळजवळ घाल.”

डोरोथियाच्या शहरातल्या मुलाने फोनवरून तोडगा सुचवला होता की क्रूस टीव्हीच्या वर टांगा. आईने फोन ठेवून दिला. मग त्याने आत्याला लावला. तिनेही ठेवून दिला. त्या आठवड्यात दोघींचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

डोरोथिया नदीपलीकडची. ते गाव लुथरपंथी, हे कॅथलिक. मध्ये पूल होता, पण लग्नासाठी तो फारसा कुणी वापरत नसे. ती लग्न होऊन आली त्या दुपारी सासूने शेगडीजवळच्या जागा आपल्या माणसांना वाटल्या आणि नव्या सुनेला कोपरा दाखवला. क्रुसावरच्या त्याच्या नजरेखाली बस, म्हणाली. उत्तरेची आणि पश्चिमेची भिंत तिथं मिळत होती. जानेवारीत तिथल्या भिंतीवरच्या कागदावर हिमाची नक्षी उमटायची. पहिल्या हिवाळ्यात डोरोथियाने पाठीमागे लोकरीची शाल खोचली. सासूने ती काढून घडी घातली आणि कपाटात ठेवली. क्रेसेंझ तेव्हा शेगडीशी बसून सफरचंद सोलत होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून डोरोथिया ताठ बसू लागली, भिंतीला पाठ न टेकता. सासू गेली, पुढे नवराही गेला. जागा तीच राहिली. बदलून मागितली असती तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण मागायचं म्हणजे ते जिंकले असं झालं असतं.

दर रविवारी ती पूल ओलांडून आपल्या चर्चमध्ये जायची. तिथला म्हातारा गायक पवित्र शास्त्रातली गोष्ट गाऊन सांगायचा. गाता गाता थांबायचा, दोन शब्द समजावायचा, कुणाला तरी कोपरखळी मारायचा आणि पुन्हा सूर धरायचा. ऐकताना तिचा ऊर भरून यायचा. परतताना तो सूर गळ्याशी असायचा, आणि उंबऱ्यावर ती तो गिळून टाकायची. या टेबलावर क्रेसेंझ छातीवर क्रुसाची खूण करायची आणि कुणाला तोंड उघडायला अवसर मिळायच्या आत प्रार्थना पुटपुटून मोकळी व्हायची.

नळ्या कोपऱ्यातून गेल्या. क्रेसेंझने ते पाहिलं, गुंडाळून ठेवलेला क्रूस उचलला आणि वर नेला. तो आपल्या जागी येईपर्यंत या टेबलाशी बसणार नाही, असं तिने जिन्यातून सांगितलं. मग वर विजेच्या शेगडीवर ती स्वतःपुरती लापशी करू लागली. करपलेल्या दुधाचा वास खालपर्यंत यायचा. डोरोथिया रविवारी दोन ताटल्या मांडायची आणि एक तशीच फडताळात परत ठेवायची. घरात तिसरं माणूस नव्हतं. वरची काठी वाजेनाशी झाली की ती हातातलं काम थांबवून वर कान द्यायची, आणि वाजली की तोंड वाकडं करायची.

एगीद गिलाव्याचा दुसरा हात द्यायला आला तेव्हा वरची बातमी घेऊन आला. लुथरवालीने अखेर देवाला घराबाहेर काढलं, असं क्रेसेंझआत्या सगळ्यांना सांगत होती.

डोरोथिया बादलीतली माती कालवत होती.

“देव वरच्या मजल्यावर आहे,” ती म्हणाली. “सांग तिला, लापशी करपवू नकोस, त्यालाही वास येतो.”

माती सावकाश वाळली. गडद होती ती मधाच्या रंगावर आली. नळ्यांत कोमट पाणी पूर्ण सोडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी बाहेर सगळं पांढरं गोठलं होतं. डोरोथिया सूप ढवळत असताना जिन्यावर काठी वाजली. क्रेसेंझ दारात उभी राहिली. तिच्या काखेत क्रूस होता, एप्रनच्या खिशात हातोडी आणि ओठांत खिळा.

डोरोथिया पातेल्यावर झाकण ठेवून आली आणि कोपऱ्याला पाठ लावून उभी राहिली.

क्रेसेंझने खिळा तोंडातून काढला. “बाजूला हो. तो इथंच राहिलाय. तुझ्या आधीपासून.”

“त्याला एकदा मारले तेवढे खिळे पुरेत, वन्सं,” डोरोथिया म्हणाली. “माझ्या भिंतीत आणखी नकोत.”

“तुझी भिंत.”

“माझीच. शेगडीजवळ तुम्ही बसत होता. इथं कोण बसत होतं?”

क्रेसेंझने एप्रनच्या खिशातली हातोडी बाहेर काढली.

डोरोथिया बाजूला झाली. “बसा इथं. मी सूप आणेपर्यंत. तेवढ्यानंतरही मारावासा वाटला तर मारा, मी मध्ये येणार नाही.”

क्रेसेंझ बसली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्याला हवं म्हणून बसतो आहोत, अशा थाटात बसली. ताठ, क्रूस मांडीवर, हातोडी टेबलावर. डोरोथिया स्वयंपाकघरात गेली. तिथं तिने पातेल्यात डाव घातला नाही. नुसती उभी राहिली. ठोकल्याचा आवाज येईल, मागोमाग पाण्याची चिळकांडी, मग एगीदला बोलवायचं, सगळी माती फोडायची. आवाज येत नव्हता. तिने दोन ताटल्या भरल्या, शक्य तितक्या हळू.

ती आली तेव्हा क्रेसेंझची पाठ भिंतीला टेकली होती. डोकंही. रुमाल मागे सरकला होता. एक हात क्रुसावर होता. दुसऱ्याची वाकडी झालेली बोटं तिने भिंतीवर एकेक करून उलगडून ठेवली होती. डोळे मिटलेले.

“इथला गारठा आईला ठाऊक होता,” ती म्हणाली.

डोरोथियाने ताटल्या ठेवल्या.

“मलाही,” क्रेसेंझ म्हणाली.

डोरोथियाने हातोडी उचलून टेबलाच्या कडेला सारली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. या बाजूने खोली तिने कधी पाहिली नव्हती. सुपातून वाफ येत होती. ती वाट पाहत राहिली, नेहमीची ती भराभर पुटपुट सुरू व्हायची. क्रेसेंझने डोळे उघडले, मांडीवरच्या क्रुसाकडे पाहिलं, भिंतीवरच्या हाताकडे पाहिलं. दोन्हीपैकी एकही तिने उचलला नाही.

“तू म्हण,” ती म्हणाली. “माझे हात गुंतलेत.”

डोरोथियाने हात जोडले. नदीपलीकडे जेवणाआधी एक कडवं म्हणतात, सूप गरम असेल तर अर्धंच. तिने घसा साफ केला आणि मोकळ्या आवाजात सूर धरला. पहिलं कडवं संपलं तेव्हा क्रेसेंझने चमच्याकडे पाहिलं.

डोरोथिया थांबली नाही. तिने सगळी कडवी म्हटली.