गाडीतली बडबड

"डोळे मिटूनसुद्धा गाडी नेईन मी, तू नुसती बस!" लग्नानंतर पहिल्यांदा शेजारी बसवताना नवरा म्हणाला होता. तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या होत्या. आता तो बोललेलं खरं करून दाखवत होता.

लाँड्रीची गाडी, मागं लॉजच्या धुतलेल्या चादरींच्या थप्प्या. त्याच्या पायातल्या कळेवर गोळी सुरू झाली, तेव्हा औषधाच्या दुकानातली मुलगी स्पष्ट म्हणाली होती, "हिनं झोप येते, काका. गाडी चालवू नका."

"ते नवशिक्यांना सांग!"

डॉक्टरांना तर त्यानं घरीच बसून असतो म्हणून सांगितलेलं. दुसरी गोळी मागायची तर खरं बोलावं लागलं असतं. एवढ्या थोर माणसानं तेवढं खाली का उतरावं?

तेव्हापासून ती रोज शेजारी बसायची. त्याची मान कलली की बोलायची. शेजारणीचं मांजर, वाळत घातलेले मोजे, कुणाचं नाक कुणावर गेलंय. ओवीला ओवी जोडावी तशी गोष्टीला गोष्ट जोडत गाडी रस्त्यावर राखायची. आणि हा लॉजच्या दारात उतरून सांगायचा, "हॉर्न बिघडलाय माझा. पण ही आहे ना, भोंगा!" माणसं हसायची. तीही हसायची. नवऱ्याची लाज चारचौघांत कशी काढायची?

आज सकाळी पुलावर तिला ठसका लागला. तेवढ्यात गाडी कठड्याला घासत गेली.

"वारा होता," तो म्हणाला. पानसुद्धा हलत नव्हतं.

पुढं लेकीच्या दारात गाडी थांबली. लेक मुलीचं दप्तर घेऊन धावत आली. "बाबा, हिची बस चुकली. शाळेत सोडता?"

"सोडतो की! चादरींवर लोळत जाईल आमची राणी."

नात टाळ्या पिटत निघाली. आजी खाली उतरली आणि गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आई, सरक ना, उशीर होतोय."

"ती नाही बसणार या गाडीत."

"घ्या!" नवरा हसला. "रस्ताभर टकळी, आणि आता हे नाटक. काय बिघडलंय गं तुझं?"

तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. नातीचा हात धरला, घट्ट. मग लेकीला म्हणाली, अगदी हळू, पण त्याला ऐकू जाईल इतकं,

"तुझे बाबा गाडी चालवताना झोपतात. रोज."