अख्खा ठेवलेला तुकडा

मित्रांनो, मी चित्रपट जोडण्याचे एक म्हातारे यंत्र आहे. दारामागच्या कोपऱ्यात उभा असतो आणि येणारे-जाणारे माझ्यावर छत्र्या अडकवतात. पुष्कळांना मी शिवणयंत्र वाटतो. त्यात त्यांची चूक नाही. माझा आवाजही तसाच होता आणि मलाही खाली पायपट्टी होती. ती दाबली की फिल्म माझ्यातून सरके, आतला दिवा लागे आणि तळहाताएवढ्या काचेवर चित्र हलू लागे. नको तो भाग कात्रीने कापायचा, हवा तो चिकटपट्टीने पुढच्याला जोडायचा. पडद्यावर सलग दिसणारा चित्रपट असा तुकड्या-तुकड्यांनी शिवलेला असे.

मला गोष्ट नीट सांगता येईल याची खात्री नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी माझ्यातून गेल्या, स्वतःची सांगायची सवय राहिली नाही. शिवाय ही गोष्ट जरा अवघड आहे, थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे. पण ती न सांगताच भंगारात जाणे मला बरे वाटेना.

कारखान्यातून मी या खोलीत आलो, तेव्हा माझा हिरवा रंग ओला असल्यासारखा चमकत होता. त्याच महिन्यात एक संकलक बाई कामाला लागल्या. कात्री चालवण्याचे, जोडण्याचे सगळे काम त्यांचे. पुढे सगळे त्यांना मावशी म्हणू लागले, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. मावशी पांढरे सुती हातमोजे घालून बसत. कापलेल्या पट्ट्या टाचण्यांवर टांगत आणि प्रत्येकीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करत. पण त्यांची खरी हुशारी पायात होती. मारामारी असो की नाच, त्या तालावर कापत. ढोलाचा ठोका पडला की चित्र बदललेच. लोक नाव न वाचता ओळखत, हा मावशींचा हात. मला मात्र ठाऊक होते की तो त्यांचा पाय होता.

बऱ्याच वर्षांनी एक मोठा गल्लाभरू चित्रपट आमच्याकडे आला. नायिका टेलिफोनच्या कचेरीत काम करणारी बाई. समोर भोकांची मोठी पाटी, हातात दोऱ्या. एकाची दोरी दुसऱ्याच्या भोकात बसवून लोकांची बोलणी जुळवून द्यायची. गावातला एक माजलेला माणूस एका संध्याकाळी तिच्या घरात शिरतो आणि तिच्यावर जबरदस्ती करतो. मित्रांनो, असा प्रसंग त्या काळी बऱ्याच चित्रपटांत असे. तिकिटे खपावीत म्हणून असे, हेही खरे. रस्त्यावरच्या मोठ्या फलकावर तोच रंगवला होता.

मावशींनी तो प्रसंग चार मिनिटांचा जोडला. ढोल होते, काचा फुटत होत्या. जोडणी अशी सफाईदार की मला माझाच अभिमान वाटला. आता त्याची लाज वाटते.

निर्माते पाहायला आले. स्टूल ओढून मावशींच्या मागे बसले आणि माझ्या काचेकडे वाकले. थोड्याच वेळात त्यांच्या बुटाचे टोक माझ्या लोखंडी पायावर ताल धरू लागले. टक, टक, टक. मावशींनी खाली पाहिले. निर्मात्यांचा बूट हलत होता. आणि पायपट्टीच्या कडेवर मावशींचे स्वतःचे पाऊलही त्याच ठेक्यावर हलत होते.

त्यांनी मला जागीच थांबवले.

"काय झालं?" निर्मात्यांनी विचारले.

"पट्टा सरकलाय. उद्या दाखवते."

माझा पट्टा अगदी ठीक होता. पण मी गप्प राहिलो.

ते गेल्यावर मावशींनी आवाज बंद करून तोच प्रसंग चालवला. ढोल नसताना सगळे वेगळेच दिसले. कॅमेरा त्या माणसाच्या खांद्यामागे उभा होता. तो जिथे पाहत होता तिथेच आपणही पाहत होतो. ती बाई घाबरली होती, पण तिच्या भीतीजवळ कोणीच उभे नव्हते. मावशींनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ पुन्हा घातले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नायिकेची भूमिका केलेली अभिनेत्री आली. सव्वीस वर्षांची, पहिलाच मोठा चित्रपट. दारातच उभी राहिली.

"मावशी, आत येऊ? एकच विचारायचंय."

"ये गं. त्या डब्यांवर बसू नकोस, काल एक नट बसला आणि अख्खं गाणं चेपलं."

ती हसली, पण बसली नाही. "आई पहिल्या खेळाला येणार म्हणते. गिऱ्हाइकांचे शिवायचे कपडे बाजूला ठेवून. मला फक्त सांगा, तिला डोळे कधी मिटायला सांगू?"

"तुला काय सांगितलं होतं त्यांनी?"

"फक्त चेहरा दिसेल म्हणाले होते."

चार मिनिटे आईने डोळे मिटून बसायचे, हे तोंडाने सांगणार कसे? शेवटी मावशी एवढेच म्हणाल्या, "अजून माझं काम संपलेलं नाही."

ती गेल्यावर मावशींनी माझ्यावरची चार मिनिटांची फिल्म उलगडली आणि आपलेच सगळे जोड एकेक करून सोडवले. स्वतःच्या हाताची इतकी सुंदर कारागिरी उसवणारे माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

हे कळताच दिग्दर्शक धावत आले. वाईट माणूस नव्हता तो. "मावशी, मला लोकांना हादरवायचंय. झाकून ठेवलं तर असं काही घडतच नाही, असं म्हणायला मोकळे होतील."

"झाकू नका की. पण काल साहेब हादरले नव्हते, ठेका धरून बसले होते. आणि मीही."

"तुम्ही?"

"मीच जोडलंय ना ते."

दिग्दर्शक खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तिथे मग ठेवणार काय? भोक पडेल गोष्टीला."

मावशी टाकाऊ पट्ट्यांच्या पिशवीत हात घालून शोधत होत्या. त्यातून त्यांनी एकशे दहा फुटांचा एक तुकडा काढला. सव्वा मिनिटाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नायिका कामावर बसली आहे, असा तो प्रसंग. कॅमेरा तिच्या शेजारी, जणू बाजूच्या खुर्चीवरची मैत्रीण. ती नेहमीच्या गोड आवाजात म्हणते, "नमस्कार, कोणाशी बोलायचंय?" पण हातातली दोरी भोकात बसत नाही. एकदा, दोनदा, तीनदा. आवाज जराही हलत नाही. चौथ्यांदा बसते. चूक झाली म्हणून तो तुकडा बाद केला होता.

मावशींनी तो कुठेही न कापता ठेवला. आधी त्या माणसाने आत शिरून लावलेले दार, आणि लगेच ही सकाळ. ढोल नाही. तालावर कापणाऱ्या हाताने एकदाही कात्री उचलली नाही.

पण निर्मात्यांना बोलावण्याआधी त्यांनी अभिनेत्रीला बोलावले. तिने पाहिले आणि तिला हसू फुटले. "अहो मावशी, त्या दोरीचं टोकच वाकडं होतं. मी मनातल्या मनात सामान आणणाऱ्याला शिव्या घालत होते."

"ते मला कळलं होतं. पण पाहणाऱ्याला वेगळं वाटेल. चेहरा तुझा आहे, म्हणून विचारते. ठेवू का?"

तिने पुन्हा एकदा पाहिले. या वेळी हसली नाही. "ठेवा," म्हणाली. "हे मी बघू शकते."

मग निर्माते आले, त्याच स्टुलावर बसले. मावशी काचेकडे पाहत नव्हत्या, खाली त्यांच्या बुटाकडे पाहत होत्या. बूट हलला नाही. तुकडा संपला तरी ते उठले नाहीत.

"पाणी आहे का जरा?"

पाणी प्यायल्यावर म्हणाले, "यात मजा नाही, मावशी."

"नाही."

"फलक रंगवून झालेत. आता त्यावर काय दाखवू?"

"टेलिफोन."

"थट्टा सुचतेय तुम्हाला. चित्रपट पडला तर तुमच्या नावावर टाकीन."

"टाका की. माझं नाव येतं तोवर लोक चपला शोधत असतात."

निर्माते कुरकुरले, पण तो तुकडा राहिला. का राहिला ते मला पुरते कळले नाही. कदाचित तहान लागल्याचे त्यांनाच नवल वाटले असेल. चित्रपट खूप चालला असे नाही, पडलाही नाही. चाळीस दिवस टिकला. काही लोक म्हणाले की मावशी आता थकल्या, पूर्वीचा ठेका राहिला नाही. मावशींनी ते ऐकून घेतले. त्यांना स्वतःलाही अधूनमधून शंका येई, आपण जास्त तर झाकले नाही ना? मला वाटते, अशी शंका येत राहणे हाही त्यांच्या कामाचाच भाग होता.

मात्र त्यानंतर असा प्रसंग आला की त्या आधी आवाज बंद करून पाहत, मग त्यातल्या अभिनेत्रीला बोलावत, आणि नंतरच कात्री उचलत. इतर संकलक हसत. मला मात्र त्या क्षणी जगातल्या दुसऱ्या कुठल्याही खोलीत उभे राहायचे नव्हते, इथेच राहायचे होते.

पुढे नवी यंत्रे आली. मावशी गेल्या. माझा दिवा कोणीतरी काढून नेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आता मित्रांनो, कापायचे आणि जोडायचे यंत्र तुमच्या प्रत्येकाच्या खिशात असते. कोणाचे रडणे, कोणाची फजिती, कोणावर ओढवलेले संकट तुम्ही क्षणात जगाला दाखवू शकता, वर गाणेही लावू शकता. मला तेल घालू नका, पुसूही नका. फक्त दाखवण्याआधी त्या माणसाला बोलावून विचारा. तो नको म्हणाला, तर ऐका.

पहिल्या खेळानंतर ती अभिनेत्री आईला घेऊन या खोलीत आली होती. आई शिवणकाम करणारी, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. तिने मला हात लावून पाहिले, पायपट्टी एकदा दाबली आणि मावशींना म्हणाली, "टेलिफोनच्या तिथे किती शोधला, पण तुमचा जोड काही सापडला नाही मला."

"तिथे जोड नाहीच," मावशी म्हणाल्या. "पण तुम्ही ते सगळं बघितलंत?"

"सगळं बघितलं," आई म्हणाली. "लेक होती ना समोर."