मागच्या खोलीचे दिवे

"वहिनी, असं टक लावून बघू नका, डोळे दिपतील," दुकानदार म्हणाला. "दिवा बघायचा नसतो. उजेड कुठे पडतो ते बघायचं."

जन्मभर रुग्णालयात नर्स म्हणून राबलेली सिस्टर मान मागे टाकून तशीच उभी राहिली. दुकानाच्या छताला बोटभर जागा रिकामी नव्हती. गोल, चौकोनी, बशीएवढे, वाटीएवढे एलईडी डाउनलाइट रांगेने बसवले होते. दुकानदार भिंतीवरचं एकेक बटण दाबी आणि छताची एकेक पट्टी उजळे.

"हा वॉर्म, पिवळसर. झोपायच्या खोलीला लोक हाच नेतात. हा कूल, पांढराफेक. आणि हा मधला. ज्या नवरा-बायकोचं एकमत होत नाही त्यांच्यासाठी."

"मग आम्हाला मधल्याचं खोकंच द्या," सिस्टरचा नवरा म्हणाला.

दुकानदार मनापासून हसला. नवरा दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला होता. उजवा पाय पुढे लांब केलेला, मांडीवर नव्या घराच्या नकाशाची गुंडाळी. नगररचना कचेरीत त्याने जन्मभर नकाशे काढले होते. तिथे त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत जराशी कलली की गवंड्याचा ओळंबा जसा चुगली करतो, तसा हा दुसऱ्याच्या नकाशातली तिरकी रेघ दारातूनच ओळखायचा. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःच्या घराचा नकाशा काढायला घेतला, आणि कचेरीत कुणाला छळलं नसेल इतकं स्वतःला छळून तो पुरा केला.

"साहेब, पायाला काय झालं?" दुकानदाराने विचारलं.

"गुडघा. जन्मभर उंच स्टुलावर बसलो, त्याची बक्षिसी."

सिस्टरने छतावरची नजर काढली नाही. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. उन्हाळ्यात त्याचं पाऊल पायरीला अडखळू लागलं, मग चपलेतून निसटू लागलं. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद पुढ्यात ठेवून सांगितलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्या आहेत. औषधाने थोडा वेळ मिळेल, आजार थांबणार नाही. आधी पाय, मग हात, मग मान. हे शेवटचं डॉक्टर बोलले नव्हते. सिस्टरला ते ऐकायची गरज नव्हती. तिच्या वॉर्डात असे रुग्ण येऊन गेले होते. परतताना गाडीत ओळंबा एवढंच म्हणाला होता, "घर पुरं होईपर्यंत हा विषय नको. कुणाशीच नको. आपल्यातसुद्धा नको." तिने मान डोलावली होती आणि तेव्हापासून ती मूग गिळून होती.

पण आता घर पुरं होत आलं होतं. आज दुपारी मागच्या खोलीच्या छताला दिव्यांची भोकं पाडायची होती.

"याच्यात दिवा आत किती खोल बसतो?" तिने एका काळ्या कडेच्या दिव्याकडे बोट केलं.

"वा, वहिनींना पारख आहे. हा खोल बसणारा. बाजूने बघा, नुसतं भोक दिसतं. डोळ्यांवर येतच नाही. बरोबर खाली उभं राहिलं तरच दिसतो."

"आणि बरोबर खाली झोपलं तर?"

"दिव्याखाली कोण झोपतं, वहिनी? झोपताना माणूस दिवा बंद करतो."

ओळंब्याने नकाशाची गुंडाळी उगाचच घट्ट केली. "पिवळसर द्या. खोल बसणारे," तो म्हणाला. "हिची सगळी नोकरी ट्यूबलाइटखाली गेली. हिला उजेडाचं जरा वावडंच आहे."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. परगावी असलेली मुलगी होती. "घेतले, घेतले. हो, हॉटेलासारखे. तू येशील तेव्हा दिपून जाशील," तो मोठ्याने म्हणाला. मग, "गुडघा ना? बरा आहे. आईच्या नर्सगिरीमुळे फुकटची मालीश मिळते." फोन ठेवून त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

उजेडाचं हे वावडं कुठून आलं ते त्याला ठाऊक होतं. तिच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक शाळामास्तर होते, हाच आजार. त्यांची मान हलत नव्हती, बोलणं तेवढं उरलं होतं. एकदा ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्याकडचा सूर्य मावळत नाही का हो?" ती वर बघायला गेली, तर काही विशेष दिसलं नाही. मग शेजारची खाट रिकामी झाली तेव्हा ती तिच्यावर आडवी झाली, आणि तिला दिसलं: छतावरची ट्यूबलाइट थेट डोळ्यांत येत होती. त्या दिवसापासून रुग्ण यायच्या आधी ती नव्या चादरीवर मिनिटभर स्वतः पडून पाही. नळी कुठे लोंबते, पंखा कुठे फिरतो, दिवा कुठे टोचतो. बाकीच्या नर्सेस म्हणायच्या, "सिस्टरची ड्युटी लागली, झोपू द्या तिला." मेट्रनने एकदा खरंच मेमो दिला होता.

नव्या घरात रंगाचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. मागच्या खोलीत फॉल्स सीलिंगचे सांधे घासून झाले होते आणि त्याची पांढरी भुकटी फरशीभर पिठासारखी पसरली होती. सीलिंगवाला उभं राहून काम करायच्या लाकडी घोड्यावर चढून तयार होता. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. ड्रिलला त्याने दिव्याच्या मापाची गोल करवत लावली होती.

"साहेबांच्या खुणांना मी माप लावतच नाही, ताई," तो म्हणाला. "डोळे मिटून भोक पाडायचं."

छतावर पेन्सिलच्या फुल्या होत्या. तीन आणि तीन, दोन रांगा, अगदी नकाशातल्यासारख्या. मधल्या दोन फुल्यांपैकी एकीपासून सीलिंगवाल्याने उंचीचा अंदाज यावा म्हणून एक दिवा वायरने तात्पुरता टांगला होता. ओळंब्याने स्वतः घोड्यावर चढून या फुल्या केल्या होत्या, पाय अजून उचलत होता तेव्हा.

"या मधल्या दोन पलंगावर येतात," सिस्टर म्हणाली.

"येणारच. खोलीचा मध्य तिथे आहे."

"भिंतीकडे सरकवा."

"मग रांग राहिली का? दारातून बघितलं तर दात पडल्यासारखं दिसेल."

"दारातून."

"मग कुठून बघायचं असतं?"

"दिसू दे दात पडल्यासारखं."

"अगं, या माणसाने जन्मभर लोकांच्या नकाशांतल्या तिरक्या रेघा दाखवल्या आणि स्वतःच्या घरात दिव्यांची रांग सरळ नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक येणार आहेत का पलंगावर झोपायला?"

सीलिंगवाल्याने ड्रिल खाली ठेवलं. त्याने पुष्कळ छतं पाहिली होती, आणि त्यांच्याखाली उभी राहिलेली पुष्कळ जोडपीही. "साहेब, बोर्डला एकदा भोक पडलं की पडलं. ठिगळ लावलं तरी रंगाखालून दिसतं. तुमचं ठरू द्या. मी चहा मारून येतो." तो गेला. जाताना त्याने दार ओढून घेतलं.

"मी शब्द दिला होता," सिस्टर म्हणाली. "घर पुरं होईपर्यंत."

"मग पाळ की. राहिलंय काय आता? रंगाचा एक हात."

"पुरं झाल्यावर बोलून काय करू? भिंतींना सांगू?"

ओळंबा खिडकीच्या कठड्याला टेकला. "मी अजून काठीसुद्धा घेतलेली नाही. आणि तू मला पलंगावर टाकून मोकळी झालीस."

अशा वेळी रुग्ण बोलतात ते मनावर घ्यायचं नाही, हे तिनेच कितीतरी नव्या मुलींना शिकवलं होतं. फक्त हा रुग्ण नव्हता. तिने पदर खोचला, पलंग जिथे येणार होता तिथे गेली आणि चांगल्या साडीनिशी भुकटीत आडवी झाली. हात अंगाला लावले. नाक छताकडे.

"काय चाललंय हे? ऊठ."

"दिवा लावा."

"साडीची वाट लागली."

"लावा हो."

त्याने बटण दाबलं. टांगलेला दिवा पेटला. पिवळसर, दुकानदाराने सांगितला तसा, घरगुती, चांगला उजेड. तो नेमका तिच्या तोंडावर पडला. तिने डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही. ओळंबा बघत राहिला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग कुठेतरी खिळे ठोकल्याचा आवाज आला आणि थांबला.

"डोळ्यांतून पाणी येतंय तुझ्या," तो म्हणाला.

"येणारच. वळता येत नाही ना."

ओळंबा भिंतीला धरत तिच्यापाशी आला.

"सरक," तो म्हणाला.

ती उठली आणि त्याला खाली घेऊ लागली. तिचं पाऊल त्याच्या पावलापुढे अडसरासारखं लागलं, एक हात काखेतून पाठीवर गेला.

"पेशंटसारखं धरू नकोस मला."

"मग कसं धरू? मला दुसरं येत नाही."

तो हसला की काय, ते तिला कळलं नाही. त्याचं डोकं तिच्या खांद्याआड होतं. हळूहळू तो टेकला, मग आडवा झाला. दिवा त्याच्या डोळ्यांत आला तसा त्याने हात आडवा धरला. क्षणभराने त्याने तो हात स्वतःच खाली नेऊन अंगाशी ठेवला.

"नकाशात माणूस वरून दिसतो," तो म्हणाला. "आम्ही नेहमी वरून काढतो. इथून कधी पाहिलंच नाही."

ती त्याच्या डोक्याशी बसून राहिली.

"हातही जाणार?"

एवढ्या महिन्यांत त्याने हे विचारलं नव्हतं.

"हो."

"बोलणं?"

"तेही. बहुतेक सगळ्यात शेवटी."

"म्हणजे दिवा बंद कर असंही सांगता येणार नाही."

"म्हणून तर."

तो दिव्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतूनही पाणी आलं, कानाकडे ओघळलं, आणि त्याने ते पुसलं नाही. मग कचेरीतल्या आवाजात म्हणाला, "बंद कर तो. पेन्सिल माझ्या खिशात आहे. घोड्यावर चढ."

सिस्टर चढली. या वयात घोड्यावर चढताना तिचे गुडघे कुरकुरले. हात वर करून तिने पेन्सिल बोर्डाला टेकवली.

"डावीकडे."

तिने सरकवली.

"तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडे. अजून. अजून जरा. भिंतीवर उजेड पडू दे, तिथून येईल तेवढा पुरे. थांब. फुली कर."

तिने फुली केली.

"वाकडी केलीस."

"मी काही ओळंबा नाही."

"दुसरी बाजू. आता उजवीकडे. माझ्या."

ती फुलीही झाली. "पायाकडच्या राहू देत," तो म्हणाला. "तिथे तू उभी असशील, तुला दिसायला हवं." मग, "त्या मधल्या पूस." तिने पदराने मधल्या फुल्या पुसल्या, पण पेन्सिल दाबून ओढलेली होती, फिकट खूण राहिलीच.

"राहू दे," तो खालून म्हणाला. "रंगात जाईल."

दार उघडलं. सीलिंगवाला दारातच थबकला. "अरे देवा! साहेब पडले?"

"पडलो नाही. माप घेतोय."

"कसलं माप?"

"मी कुठे येतो त्याचं."

सीलिंगवाल्याने सिस्टरकडे पाहिलं, छतावरच्या नव्या फुल्यांकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. दोघांनी मिळून ओळंब्याला उभं केलं. सिस्टर त्याच्या पाठीची भुकटी झाडू लागली.

"राहू दे गं. संध्याकाळी लेकीला फोन लावायचा," तो म्हणाला. "गुडघा एकदम ठणठणीत आहे म्हणून सांगायचं. आणि मग बाकीचं तू सांग. मला नीट सांगता येणार नाही."

"दोघं सांगू."

तो तिच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत गेला आणि तिथेच, चौकटीला टेकून उभा राहिला.

फरशीवरच्या पांढऱ्या भुकटीत तो आडवा झाला होता तेवढी जागा मोकळी राहिली होती. डोकं, खांदे, अंगाला लावलेले हात, आणि उजवा पाय किंचित बाहेर कललेला. सीलिंगवाल्याने घोडा ओढला, मध्येच थांबला, मग उचलून पलीकडून आणला आणि त्याचे पाय जपून त्या आकृतीच्या बाहेर टेकवले. ड्रिल सुरू झालं. बोर्डाची एक गोल चकती निसटून खाली पडली आणि वरून भुकटी झरझर ओघळली. ती भिंतीपाशी पडली. आकृतीवर कणभरही आली नाही.