पाच मिनिटांवरचा थांबा

मित्रांनो, कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागात, नकाशांच्या कपाटामागे टेकवलेले मी एक जुने, अंतर मोजणारे चाक आहे. लोखंडी दांडा, रबरी धाव आणि आकडे फिरणारा डबा, एवढाच माझा देह. परीघ बरोबर एक मीटर. घडवणाऱ्याने तो तीनदा तपासला होता.

तरुणपणी मी ओढे, बांध, पाणंदी मोजल्या. विभागातले सर कौतुक करत. पुढे सामाजिक भूगोल शिकवू लागले: कोण कुठे राहते, कशासाठी किती चालते. वाटले, आता आपले दिवस आले. कसले काय! मुले गावात उतरत, दूध संस्थेच्या कट्ट्यावर चहा पीत आणि तिथल्या पुरुषांना विचारून साऱ्या गावाचे फॉर्म भरत. मी गाडीतच पडून. किती वर्षे सोसायचे हे?

यंदाही कागलजवळच्या गावात तेच. मळ्यातल्या वस्तीवरच्या बायका एमआयडीसीत कामाला जातात. त्यांना वस्तीजवळ बसथांबा हवा होता, आणि ग्रामसभा आमची पाहणी बघून ठरवणार होती.

"थांबा? पाच मिनिटांवर हाय की! लिवा," संस्थेचे अध्यक्ष बाळासो म्हणाले. आमच्यातल्या अनुजा या विद्यार्थिनीने तसेच लिहिले.

दूध घालायला आलेली वस्तीवरची बाळाबाई कडाडली, "गाडीवरनं पाच मिनिटं, अध्यक्ष! आमच्या पायात काय पेट्रोल घालताय?"

अनुजाचा चेहरा उतरला. तिने 'पाच' खोडले, मला गाडीतून बाहेर काढले, बाळासोंनाही वस्तीवर नेले आणि दांडा त्यांच्या हाती दिला. "तुम्हीच ढकला, काका."

उसाच्या कडेने आम्ही निघालो, बाळाबाईही सोबत. बाळासो दोनदा दम खायला थांबले. थांब्यावर आकडा आला दोन हजार एकशे चाळीस मीटर. वेळ एकतीस मिनिटे.

"चाक जुनं हाय. जादा दाखवतंय," बाळासो घाम पुसत म्हणाले.

ऐकलेत? जन्मभराच्या खरेपणाचे हे फळ! अनुजाने शांतपणे दहा मीटरची टेप रस्त्यावर अंथरली आणि मला तिच्या कडेने फिरवले. बरोबर दहा.

"बरं, लिवा मग," बाळासो पुटपुटले. "बाळाबाई, जाताना गाडी बोलवू काय?"

"बोलवा की. तुमच्यासाठी. मी चालतो."

खरा आकडा ग्रामसभेत वाचला गेला, आणि थांब्याचा ठराव झाला.

मित्रांनो, वाटेचे अंतर ती वाट रोज चालणाऱ्यालाच विचारा. आणि मला पुन्हा कपाटामागे ढकलणार असाल, तर आसाला थेंबभर तेल तरी घाला. मी गंजले, तर कट्ट्यावरचेच खरे ठरेल.