राखाडी तलाव

१९५३च्या हिवाळ्यात हाल्वर नावाचा नॉर्वेचा चित्रकार बोदलकसा तलावाकाठच्या डाक बंगल्यात उतरला. त्याचा स्वयंपाक अनुसयाबाई करायची. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा चुन्नीलाल याच तलावात मेलेला सापडला होता. बुडाला, असं धाकटा दीर उदाराम म्हणाला. डोक्यावरची कुऱ्हाडीची खोक गावाने पाहिली, पण कोणी बोललं नाही. धानाची जमीन उदारामकडे गेली.

हाल्वरने भर उन्हातला तलाव राखाडी रंगवला. चित्रात सूर्य नव्हताच.

"आमच्या तलावाले राख काऊन फासली, साहेब?" अनुसयाबाईने विचारलं.

"मेरे गाँव में जाड़े में दो महीना सूरज नहीं," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "सब उदास. हमारे चित्रकार वही बनाते. छुपाते नहीं."

ती चित्राकडे बघत राहिली. "आमच्याकडे रोज ऊन पडते. मी मनातून अशीच हाओ, पण कोणाले दिसत नाही."

मग तिने चुन्नीलालचं सारं सांगितलं. हाल्वरने त्याच चित्रात काठावर पाठमोरी बाई काढली आणि पाण्यात तरंगणारं एक प्रेत. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांनी ते पाहिलं. बातमी उदारामपर्यंत पोचली.

भरदुपारी तो कुऱ्हाड घेऊन आला आणि चित्र उभं चिरलं. हाल्वर आडवा गेला. पुढच्या घावाने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं ओसरीवर पडली.

"गोऱ्याले काय सांगून राहिली होतीस?" उदाराम तिच्याकडे वळला. "चुन्नी ओरडला, तशीच तू ओरडशील."

बंगल्याचा चौकीदार मंगरू हे दारातून ऐकत होता.

अनुसयाबाईने चुलीवरची उकळती पेज उदारामच्या तोंडावर फेकली. तो खाली कोसळला, कुऱ्हाड सुटली. तिने ती उचलून त्याच्या खांद्यावर घातली. तो रांगत पायऱ्यांकडे निघाला. ती त्याच्या मागे चालत गेली आणि मानेवर दुसरा घाव घातला. उदाराम तिथेच मेला. रक्त पायऱ्यांवरून खाली अंगणात गेलं.

भंडाऱ्याच्या कोर्टात मंगरूने ऐकलेलं सांगितलं. हाल्वरने पट्टी बांधलेल्या हाताने साक्ष दिली.

"तो पळत होता. मग दुसरा घाव कशाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पहिला भेवानं घातला," ती म्हणाली. "दुसरा चुन्नीलालसाठी."

तिच्या वकिलाने डोक्याला हात लावला. सात वर्षांची सजा झाली.

पोलीस तिला गाडीत बसवत होते तेव्हा हाल्वर जवळ आला. तिने त्याच्या पट्टीला हळूच हात लावला आणि गाडीत चढली.